मत फुकट नसते

मत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, याबद्दल या लेखात वाद नाही. वाद त्या हक्काला चिकटलेल्या एका समजुतीशी आहे: मत मांडायला काही लागत नाही आणि ते चुकले तर कोणाचे काही जात नाही. विरारहून सुटलेल्या लोकलमध्ये, वसईच्या नाक्यावर, नालासोपाऱ्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दिवसभर निकाल लागत असतात. तुर्कस्तानला धडा शिकवून होतो. अमेरिकेच्या आयातशुल्काला काय उत्तर द्यायचे ते ठरते. इथेनॉलने इंजिन जळते की नाही, कोणता फोन घ्यावा, कोणत्या देशाचा माल घेऊ नये, सगळे बोरिवली येईपर्यंत निकालात निघते. यात गैर काही नाही. गप्प समाजापेक्षा बडबडा समाज केव्हाही बरा. गैर आहे ते एवढेच की या निकालांमागे पुरावा कोणता, हे विचारणाऱ्याला आपण खडूस समजतो.

बाजारात पावशेर भेंडी घेताना आपण शेंडे मोडून बघतो. मत घेताना शेंडा मोडून बघणारा माणूस विरळा. आले तसे उचलले आणि पुढच्याच्या पिशवीत टाकले. मी याला अंधश्रद्धा म्हणतो. अंधश्रद्धा म्हटली की आपल्याला लिंबू-मिरची आणि भोंदू बाबा आठवतात, आणि आपण त्यातले नाही याचे समाधान वाटते. पण पुरावा न मागता मान्य करणे आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजायला लावणे, हाच अंधश्रद्धेचा गाभा असेल, तर ती मोबाइलवरही तितकीच नांदते. तिला अंगारा-धुपारा लागत नाही, इतकेच.

वसईकराने तरी मताला हलके लेखू नये, कारण जगाचे राजकारण म्हणजे काय हे या किनाऱ्याने फार आधी पाहिले आहे. १५३४मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती रक्त सांडून घेतली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी, होळकरांकडून हरून पुण्यातून निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही इथेच, आणि मराठी सत्तेच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. वाडीत केळी लावणाऱ्याला, समुद्रात जाळे टाकणाऱ्याला तुझे मत काय, असे या तिन्ही वेळी कोणी विचारले नाही. तेव्हा तो प्रजा होता. आज त्याला विचारले जाते, त्याच्या बोटाला शाई लागते, त्याच्या मताचा अंदाज घेऊन सरकारे बोलणे बदलतात. मताला वजन आले ते या बदलामुळे. आणि वजन आले की जबाबदारी आलीच. आमच्या मताने काय फरक पडतो, असे म्हणणारा माणूस नम्र असतो असे नाही. कित्येकदा तो नागरिकाचे हक्क ठेवून घेतो आणि कर्तव्य मात्र प्रजेइतकेच बाळगतो.

मताने काय होते, हे आपल्याच पालघर जिल्ह्यात पाहिले पाहिजे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठेचून मारले. टाळेबंदी होती. मुले पळवणारे, मूत्रपिंडे काढणारे लोक फिरत आहेत, अशा अफवा त्या पट्ट्यात काही दिवस पसरल्या होत्या. ते तिघे मुंबईहून सुरतेकडे एका अंत्यविधीला निघाले होते. तेथे पोलीस पोचले होते, तरीही जमाव आवरला नाही. त्याआधी सुमारे दोन वर्षे, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचा असाच बळी गेला. मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेली ती माणसे. त्यांच्यावरही मुले पळवत असल्याचाच आळ होता. त्या काळात एक चित्रफीत देशभर फिरत होती: मोटरसायकलवरून आलेले दोघे भर रस्त्यात मूल उचलून नेतात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जनजागृतीची फिल्म होती. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडले जाते आणि संदेशाचा फलक दाखवला जातो. तो शेवट कापून कोणीतरी ती सोडून दिली. कापणारा एकच असेल, पुढे पाठवणारे लाखो होते. त्यातल्या एकानेही कोणाला काठीने मारले नसेल. प्रत्येकाने फक्त आपले मत कळवले: सावध राहा.

यावर सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते. ती अडाणी माणसे, आडवळणाचे पाडे, आमचे तसे नाही. हा आक्षेप तपासून पाहू. गडचिंचल्याच्या हत्येनंतर काही दिवसांतच दुसरी अफवा उठली. ती पाड्यावर जन्मली नव्हती. इंग्रजी बोलणाऱ्या, वातानुकूलित घरात बसलेल्या माणसांनी या हत्येला धर्माचा रंग दिला. अखेर तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची नावे पुढे ठेवून, त्यांत एकही मुसलमान नाही, असे जाहीर सांगावे लागले. पहिल्या अफवेने तीन माणसे मारली. दुसरीला आणखी किती हवी होती, कोण जाणे. पहिलीवर विश्वास ठेवून मारणाऱ्यांवर खटले झाले. दुसरी पसरवणाऱ्यांतल्या किती जणांनी आपल्या ग्रुपवर, मी चुकलो, असे लिहिले?

शिक्षण म्हणजे तपासण्याची सवय असे नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून रांगा लागल्या, त्यांत पदवीधर कमी नव्हते. चमच्यातले दूध दगडाच्या खडबडीत पृष्ठभागावर ओढले जाते आणि खाली ओघळते. कोणत्याही दगडावर, विटेवर करून पाहता आले असते. नोव्हेंबर २०१६मध्ये नव्या दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, ती जमिनीखालून उपग्रहाला सिग्नल देते, असे ज्यांनी छातीठोक सांगितले, त्यांना मोबाइलची बॅटरी रोज चार्ज करावी लागत होती. नोटेतली चिप कशावर चालते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. रिझर्व्ह बँकेने मे २०२३मध्ये ती नोट चलनातून काढून घेण्याचे जाहीर केले. चिपवाले तोवर दुसऱ्या विषयावर तज्ज्ञ झाले होते. यातली मूळ खोट समजून घेतली पाहिजे. डॉक्टर चुकला तर त्याला जाब विचारता येतो, वर्तमानपत्राला खुलासा छापावा लागतो, मत मात्र बेवारस असते. जे बोलल्याची आठवण ठेवावी लागत नाही ते बोलायला माणूस कचरत नाही.

मग सामान्य माणसाने करायचे काय? त्याच्याकडे ना प्रयोगशाळा, ना वेळ. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. रोजच्या मतांपैकी बरीच मते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलचेच घ्या. २०२५च्या पावसाळ्यात या विषयावर दोन पंथ पडले. एकाचे म्हणणे, गाडीची वाट लागली, मायलेज निम्मे झाले. दुसऱ्याचे म्हणणे, काही फरक पडत नाही, फरक पडतो म्हणणारे देशाचे वैरी. दोन्ही पंथ गाडी चालवत होते आणि दोघांपैकी फार थोड्यांनी गाडी मोजली होती. साधी गोष्ट आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळले तर ढोबळ हिशेबाने सहा-सात टक्के ऊर्जा घटते. इंजिन त्यासाठी जुळवलेले असेल तर फटका कमी बसतो. जुन्या गाडीत काही रबरी भागांचा प्रश्न येऊ शकतो. म्हणजे निम्मे मायलेज ही थाप आणि शून्य फरक हीही थाप. आणि हा हिशेबही माझ्या शब्दावर मान्य करू नका. टाकी फुल्ल करा, किलोमीटर टिपा, पुन्हा फुल्ल करा, भागाकार करा. असे पाच-सहा वेळा केले की तुमच्या गाडीपुरते तुम्ही मंत्र्यापेक्षा आणि टीव्हीवरच्या तज्ज्ञापेक्षा अधिक जाणता. विवेक हा असा चौथीच्या गणितात बसतो. तो न वापरण्याचे कारण अज्ञान नसते. आपल्या पंथाचे मत आपल्याला सोयीचे असते, हे कारण असते.

ज्या मताला आपण देशप्रेम म्हणतो त्यालाही हीच कसोटी लावू. जून २०२० मध्ये गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान मारले गेले. चिनी मालावर बहिष्काराची हाक घरोघर गेली. महिनाअखेरीस सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. लोकांचा राग खरा होता. पण रागाचा हिशेब पाहा. २०२०-२१ या वर्षात चीनहून आलेला माल सुमारे ६५ अब्ज डॉलरचा होता. २०२४-२५मध्ये तो ११३ अब्ज डॉलरच्या वर गेला. म्हणजे बहिष्कार झाला तो बोलण्यात, खरेदीत नाही. औषधांचा कच्चा माल, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, यंत्रे यांसाठी आपले उद्योग चीनवर अवलंबून आहेत. वसईतल्या वालीव, सातिवली या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या गाळ्यात जाऊन मालकाला विचारा, त्याचे यंत्र आणि त्याचा सुटा भाग कुठून येतो. तो खरे उत्तर देईल, कारण त्याला पगार करायचे असतात.

मग बहिष्काराचा मार कोणाला बसला? दिवाळीत स्टेशनबाहेर दिव्यांच्या माळा विकणाऱ्याला. त्याने माल उधारीवर उचललेला असतो, आयात त्याने केलेली नसते, आणि गिऱ्हाईक त्याला देशभक्तीचे व्याख्यान देऊन निघून जाते. व्याख्यानाची चित्रफीत ज्या फोनवर घेतली जाते तो चिनी कंपनीचा असतो. स्वदेशी ही आपल्याकडची थोर परंपरा आहे, पण ती अशी नव्हती. सार्वजनिक काका १८७७च्या दिल्ली दरबारात स्वतः हातमागाचे जाडेभरडे कापड घालून गेले. बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर स्वतः आडवा झाला. दोघांनीही मताची किंमत आपल्या पदरची मोजली. मे २०२५मध्ये पुण्याच्या बाजारातल्या काही व्यापाऱ्यांनी, पाकिस्तानला पाठिंबा देणाऱ्या तुर्कस्तानची सफरचंदे घेणे थांबवले. त्यांचा निर्णय तुम्हाला पटो वा न पटो, त्यांनी निदान आपल्या धंद्याला झळ लावून घेतली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बहिष्कार हे नैतिक हत्यार आहे. ते दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवून चालवले की त्यातली नीती जाते आणि नुसता आवाज उरतो.

प्रतीकालाही किंमत असते, कृती छोटी असली तरी भावना पोचते, असे यावर म्हटले जाईल. मान्य. पण ज्या प्रतीकाने आपल्याला काही सोडावे लागत नाही ते आपल्याच मनाची समजूत घालण्यासाठी असते. मला चिनी वस्तू नको असेल तर मी वर्षभरात कोणती वस्तू घ्यायची थांबवली, तिच्यासाठी किती जादा पैसे मोजले, हे सांगता आले पाहिजे. नसेल सांगता येत, तर माळ विकणाऱ्यासमोर आवाज चढवू नये.

देशांबद्दलची आपली मते क्रिकेटच्या चाहत्यासारखी झाली आहेत. हा आपला, तो त्यांचा. पालघर जिल्ह्यातच या मतांवरचा उतारा उभा आहे. तारापूरच्या पहिल्या अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधल्या आणि १९६९मध्ये त्या सुरू झाल्या. इंधनही अमेरिकेने द्यायचे ठरले होते. १९७४ची पोखरण चाचणी झाली, अमेरिकेचा कायदा बदलला, आणि ज्याने भट्ट्या दिल्या त्यानेच इंधन अडवले. ऐंशीच्या दशकात ते फ्रान्सने दिले. नव्वदच्या दशकात, ज्याच्याशी आपण १९६२चे युद्ध हरलो होतो, त्या चीनने दिले. पुढे रशियाने दिले. एकाच अणुकेंद्रात चार देशांचे इंधन जळले, आणि त्या विजेच्या प्रकाशात बसून आपण कोण कायमचा मित्र आणि कोण कायमचा शत्रू यावर भांडलो. देश हितसंबंध पाहून वागतात, हे यातून दिसते. त्यावरून जगात नीती नसते, असा निष्कर्ष मी काढत नाही. निष्कर्ष इतकाच, की नीती शोधायची असेल तर ध्वजांच्या भांडणात न शोधता माणसांच्या वाट्याला काय येते तिथे शोधली पाहिजे. तारापूरच्या पुढच्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. आपल्या अणुधोरणावरच्या गप्पांत ही दोन नावे शेवटची कधी आली होती?

किंवा कराचीच्या तुरुंगाचे पाहा. डहाणू, तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. गावात काम नसते, म्हणून महिनेच्या महिने समुद्रावर असतात. पाण्यावर रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली, किंवा गेली असे ठरवले, की पाकिस्तानची सागरी यंत्रणा बोटीसकट माणसे उचलते. २००८च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्या याद्यांत आपले मच्छीमार असतात, त्यांचेही असतात. शिक्षा संपली तरी सुटका लांबते, कारण नागरिकत्वाची शहानिशा आणि दोन राजधान्यांतले वातावरण. आता, पाकिस्तानशी बोलणेच नको, सगळे तोडा, हे मत घ्या. ते मत बाळगण्याचा तुम्हाला हक्क आहे. दहशतवादाने ज्यांची माणसे नेली त्यांचा राग समजण्यासारखा आहे, आणि सरकारला कधी कठोर व्हावेच लागते. माझा प्रश्न निराळा आहे. तुमच्या मताच्या हिशेबात तो तलासरीचा खलाशी धरला आहे का? धरूनही तुमचे मत तेच राहिले, तर ते विचारपूर्वक बनवलेले मत. तो आहे हेच ठाऊक नसेल, तर ज्या माणसाच्या आयुष्यावर तुम्ही बोललात त्याला तुम्ही मोजलेच नाही. शंभर किलोमीटरवरच्या माणसाला न मोजणारे राष्ट्रप्रेम कोणाच्या प्रेमात आहे?

आता लांबचे सोडून अगदी घरात येऊ. वसई-विरारमध्ये माणूस आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करतो ती घराची. पंधरा हजारांचा फोन घेताना तो दहा चित्रफिती पाहतो, कॅमेरा तपासतो, चार मित्रांना विचारतो. तीस लाखांचे घर घेताना तो काय विचारतो? दार दक्षिणेला नाही ना, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना, शौचालय ईशान्येला नको. इमारतीला बांधकाम परवानगी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमीन कोणत्या कामासाठी राखीव आहे, हे विचारले की एजंट हसून म्हणतो, इथे सगळ्यांचे असेच असते, काही होत नाही.

‘काही होत नाही’ हे आपल्या शहरातले सर्वांत लोकप्रिय मत आहे, आणि सर्वांत प्राणघातकही. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत घनकचरा आणि सांडपाणी प्रकल्पांसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. लोक वर्षानुवर्षे राहिले, हप्ते भरले, मुलांची लग्ने केली. न्यायालयाच्या आदेशाने २०२४च्या अखेरीपासून त्या पाडल्या गेल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. विरारच्या विजयनगरमधली रमाबाई अपार्टमेंट ही अशीच अनधिकृत इमारत २६ ऑगस्ट २०२५च्या मध्यरात्री कोसळली. सतरा माणसे गेली. त्यांच्या घरांची दारे कोणत्या दिशेला होती, याने काही फरक पडला नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. गरिबाने काय करायचे? कायदेशीर घर त्याला परवडत नाही, बँक त्याला उभे करत नाही, आणि तुम्ही त्यालाच कागद तपासायला सांगता? मेलेल्यांनाच दोषी ठरवता? नाही. गुन्हेगार तो बिल्डर, ती राखीव जमीन विकणारा, बांधकाम होताना डोळे मिटून घेणारा अधिकारी आणि त्यांना सांभाळणारा पुढारी. याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण हे चौघे ज्या हवेवर जगतात ती हवा ‘काही होत नाही’ या मताची आहे, आणि ते मत गरीब तयार करत नाही. सुशिक्षित मध्यमवर्ग ते तयार करतो, स्वतः वापरतो आणि खाली पाठवतो. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत उजळ माथ्याने राहणारा शिक्षक, बँक कर्मचारी, पत्रकार पाहून घरकाम करणारी बाई आपले दागिने विकते. तिला वाटते, शिकलेल्यांनी तपासलेच असेल.

कागद बनावट निघतात, मग तपासून काय उपयोग, हाही प्रश्न खरा आहे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांवर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी मिळवली होती. त्यावरून निष्कर्ष असा निघतो की एका कागदावर थांबू नये. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक पाहावा, बांधकाम परवानगीची प्रत घेऊन ती महापालिकेच्या नगररचना विभागात खरी आहे का ते लेखी विचारावे, उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार वापरावा. हे एकट्याला जड जाते, म्हणून दहा जणांनी मिळून करावे. १९७५पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांना एकत्र करून घाऊक खरेदी करायला आणि जाब विचारायला शिकवले. त्यातून मिळणारा धडा सोपा आहे: एकटा ग्राहक गिऱ्हाईक असतो, संघटित ग्राहक नागरिक असतो. देवळाच्या वर्गणीला एकत्र येणारी सोसायटी परवानगी तपासायला एकत्र येऊ शकत नाही, हे कोणी मला पटवून द्यावे.

आता शेवटचा आक्षेप, जो हल्ली हुशारीचा मानला जातो. सगळेच खोटे बोलतात, सरकार खोटे, माध्यमे विकलेली, तज्ज्ञ आज एक म्हणतात उद्या दुसरे; मग कोणावर विश्वास ठेवायचा? म्हणून आपले मत बरे. हा संशय दिसतो चिकित्सक, पण तो आळशी असतो. जो सगळ्यांवर सारखाच अविश्वास दाखवतो, तो शेवटी जे कानाला गोड लागते त्यावर विश्वास ठेवतो. चिकित्सा म्हणजे संशयाचे मोजमाप. तज्ज्ञ चुकतो तेव्हा त्याची चूक दुसरा तज्ज्ञ नावानिशी दाखवतो, आणि पहिल्याला उत्तर द्यावे लागते. फॉरवर्डला नाव नसते, तारीख नसते, पत्ता नसतो. या दोघांना एकाच पारड्यात टाकणे हा विवेक नव्हे. जुलै २०१८मध्ये इतके बळी गेल्यावर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. परक्या कंपनीने आपल्या बोटाला लगाम घालावा, ही नामुष्की आपल्याला वाटली नाही, याचे मला नवल वाटते.

मग बोलायचेच नाही का? उलट, अधिक बोला, पण जिथे बोलण्याला किंमत पडते तिथे. १९७६मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली. त्यानंतर, आता कुठे राहिली वेठबिगारी, हे वसईतल्या जाणत्या माणसांचेही मत असणार. कायदा झाला म्हणजे प्रश्न सुटला असे मानण्याची आपली जुनी सवय आहे. पण याच तालुक्यात वेठबिगार राबत होते. १९८२पासून श्रमजीवी संघटनेने त्यांना हुडकून कायद्यासमोर उभे केले. त्यासाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्यासह अनेकांनी हल्ले आणि खटले सोसले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या कार्यकर्त्यांनी सांगितले की विहिरींचे पाणी टँकरने उपसले आणि वाड्यांवर इमले चढवले तर हा हिरवा पट्टा मरेल. त्यांना विकासविरोधी म्हटले गेले, धमक्या आल्या. आज पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहराने ठरवावे, कोणाचे मत तपासलेले होते. ही दोन्ही मते जवळच्या गोष्टींबद्दल होती, बोलणाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती आणि त्यांचे मोल स्वतः दिले होते. गाझापासून वॉशिंग्टनपर्यंत बोलणाऱ्या आपल्या ग्रुपवर आपल्या वॉर्डातले बुजवलेले बावखल, म्हणजे पाणी साठवणारे तळे, हा निषिद्ध विषय असतो, कारण ते बुजवणारा माणूस त्याच ग्रुपवर असतो. लांबच्या हुकूमशहाला शिव्या देणे सोपे असते. तो आपल्याला ओळखत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. कोणतेही मत पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे मला कुठून कळले? हे चुकीचे निघाले तर किंमत कोण मोजेल? काय दिसले तर मी हे मत सोडीन? पहिल्याला उत्तर नसेल तर तो निरोप आहे, मत नाही. दुसऱ्याचे उत्तर ‘दुसरा कोणीतरी’ असेल तर आवाज खाली आणावा. तिसऱ्याला उत्तर नसेल तर ती श्रद्धा आहे आणि तिला निदान त्या नावाने ओळखावे.

आणि एक नियम, जो प्रत्येक सोसायटीच्या, प्रत्येक नातेवाइकांच्या ग्रुपने आजच करावा. पाठवलेली गोष्ट खोटी निघाली तर ती गुपचूप पुसून टाकायची नाही. ज्याने पाठवली त्याने त्याच जागी, आपल्या नावाने, ती खोटी होती असे लिहायचे, आणि ज्यांना ज्यांना पाठवली होती त्या प्रत्येकाला दुरुस्तीही पाठवायची. यात मान जाते असे वाटत असेल, तर पहिल्यांदा पाठवतानाच ती जाईल याचा विचार करावा. गडचिंचल्याला जी माणसे मेली त्यांना कोणाच्या माफीचा उपयोग नाही. पुढच्या गावाला मात्र दुरुस्ती वेळेवर पोचली तर उपयोग आहे.